बेस किती, हा प्रश्नच चुकीचा

डीजेची सुपारी द्यायला गेलेली माणसं पहिला प्रश्न विचारतात, बेस किती? दुसरा, टॉप किती? मग शार्पी किती, स्मोक आहे का, एलईडी भिंत आहे का. शेवटी, घेणार किती आणि वाजवणार किती वाजेपर्यंत. व्यवहार संपला.

हीच माणसं आचाऱ्याला मागच्या लग्नात किती पानं उठली ते विचारतात. बस्त्याला साडी उलटी करून बघतात. फोटोवाल्याचे जुने अल्बम चाळतात. डीजेच्या मात्र पेट्या मोजतात आणि ॲडव्हान्स देऊन उठतात. वाजवणारा कोण आहे, समोरची माणसं बघून वाजवतो का, सांगितलं तर आवाज खाली घेतो का, हे कुणी विचारत नाही. विचारायचं ते एवढंच आहे. बाकीचं नंतर.

कापूरहोळचंच बघा. पुण्याहून साताऱ्याला निघालं की साधारण चाळीस किलोमीटरवर हे गाव लागतं. चौकातून एक रस्ता भोरला आणि पुढे वरंध घाटाकडे जातो, दुसरा नारायणपूर-सासवडकडे. पुण्याचा पाहुणा, साताऱ्याचा पाहुणा, पुरंदरचा पाहुणा, सगळ्यांना सोयीचं. म्हणून खेड शिवापूरपासून पुढे हमरस्त्याच्या दोन्ही अंगांना मंगल कार्यालयं आणि लॉन उभी राहिली. तुळशीचं लग्न लागलं की इथली लग्नसराई सुरू होते आणि पावसापर्यंत चालते. मोठ्या तिथीला एका कार्यालयात मंगलाष्टकं चालू असतात आणि बाजूच्या आवारात दुसऱ्यांचा परण्या, म्हणजे नवरदेवाची मिरवणूक, नाचत असतो. अक्षता इकडच्या, गाणं तिकडचं. भटजींचं ‘सावधान’ समोरच्या नवरा-नवरीलाही नीट ऐकू जात नाही. आयुष्यात एकदा ऐकायचे शब्द आहेत ते. ते बुडवायचा हक्क शेजारच्या लग्नाला कुणी दिला?

आता त्या पेट्यांच्या मोजणीकडे येतो.

चार बेसच्या जागी आठ लावले की आवाज दुप्पट ऐकू येतो, असा आपला समज आहे. तो खोटा आहे. आवाज डेसिबलमध्ये मोजतात आणि डेसिबलची पट्टी सरळ चढत नाही. ताकद दुप्पट केली की तीन डेसिबल वाढतात. एवढा फरक कानाला जेमतेम जाणवतो. आवाज दुप्पट झाला असं कानाला वाटायला दहा डेसिबल वाढावे लागतात, म्हणजे ताकद दहापट लागते. तुम्ही दुप्पट पैसे मोजता आणि हाती येतो जेमतेम कळणारा फरक. वाढतो तो त्रास, आणि तो पोहोचतो तुमच्या मांडवाबाहेर. कारण बारीक, उंच आवाज भिंतीशी, झाडांशी, हवेत विरतो. खालचा, जाड आवाज विरत नाही. तो भिंतीतून आरपार जातो. म्हणून गावात झोपलेल्या माणसाला गाण्याचे शब्द ऐकू येत नाहीत, फक्त छातीवर बसणारा ठोका ऐकू येतो. वाजतंय काय ते कळत नाही आणि झोपही लागत नाही.

त्यात आपली कार्यालयं. वर पत्रा, खाली फरशी, बाजूला काच किंवा उघड्या विटा. आवाज शोषून घेईल असं आत काही नाही. पत्र्यावर आपटून आवाज परत येतो, तोवर पुढचा ठोका निघालेला असतो. सगळा कालवा. अशा जागेत शहाणा डीजे मोठ्या पेट्यांची भिंत रचत नाही. लहान पेट्या चार ठिकाणी वाटून लावतो, प्रत्येकीचा आवाज कमी ठेवतो आणि बोलण्याच्या माइकला वेगळी व्यवस्था करतो. पुढच्या रांगेला मार बसत नाही आणि शेवटच्या रांगेतल्या आजीला मंगलाष्टकं कळतात. डीजे बघायला आला की त्याला कार्यालयात उभं करा आणि विचारा, पेट्या कुठं लावशील? पत्र्याकडे बघून, टाळी वाजवून, जरा चालून उत्तर देणारा असेल तर त्याला बसवा, चहा द्या. ‘दणका बसंल, काळजी करू नका’ म्हणणाऱ्याला तिथूनच परत पाठवा.

कानाचा हिशेब साधा आहे. ८५ डेसिबलचा आवाज आठ तास सोसता येतो, असं कामाच्या ठिकाणच्या सुरक्षिततेचे जाणकार धरतात. पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक. १०० डेसिबलला पंधरा मिनिटं. जागतिक आरोग्य संघटनेनं मार्च २०२२ मध्ये करमणुकीच्या जागांसाठी जो मापदंड काढला, त्यातही पंधरा मिनिटांची सरासरी १०० डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका, असंच सांगितलं आहे. पुण्यात लक्ष्मी रस्त्यावर विसर्जन मिरवणुकीचा आवाज सीओईपीचे विद्यार्थी वर्षानुवर्षं मोजत आले आहेत आणि तिथले आकडे शंभराच्या आसपास फिरतात. परण्याच्या गाडीमागे दोन तास नाचणारा करवला रोजच्या मर्यादेच्या कितीतरी पुढे गेलेला असतो. दुसऱ्या दिवशी कानात शिट्टी वाजते तेव्हा तो म्हणतो, जागरण झालं. जागरणानं कान वाजत नाहीत.

कापूरहोळ हे धाराऊंचं गाव. १६५७ साली पुरंदरावर जन्मलेल्या शंभूराजांना दूध पाजलेल्या धाराऊ गाडे इथल्या. एका तान्ह्या बाळाला सांभाळलं म्हणून साडेतीनशे वर्षांनंतरही ज्यांचं नाव घेतलं जातं, त्यांच्या गावच्या रस्त्यावर आम्ही सहा महिन्यांची पोरं खांद्यावर घेऊन बेसच्या पेटीसमोर नाचतो. बाळ दचकतं, रडतं, मग गप्प होतं. ते रमलेलं नसतं, थकलेलं असतं. त्याला सांगता येत नाही आणि तिथून निघून जाता येत नाही. आत्यानं त्याला उचलून मागच्या खोलीत न्यावं, एवढं तरी घरात कुणीतरी ठरवून ठेवा.

कायदा काय म्हणतो, तेही एकदा स्पष्ट होऊ द्या, कारण ‘परवानगी काढलीय’ हे वाक्य ढालीसारखं पुढे केलं जातं. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत. रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. दवाखाना, शाळा, न्यायालय यांच्या भोवती शंभर मीटरचं शांतता क्षेत्र जाहीर झालेलं असेल, तर तिथं ५० आणि ४०. सार्वजनिक जागेत ध्वनिक्षेपक लावला तर त्या जागेच्या हद्दीवर भागाच्या मर्यादेपेक्षा दहा डेसिबल जास्त किंवा ७५ डेसिबल, यांतलं जे कमी असेल तेवढंच. रात्री दहा ते सकाळी सहा बंद. बंदिस्त सभागृहाला यात सूट आहे, लॉनला नाही. वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस सणा-उत्सवासाठी बारापर्यंत मुभा देता येते, पण ते दिवस सरकार ठरवतं, वरबाप नाही. सर्वोच्च न्यायालयानं १८ जुलै २००५ च्या निकालात रात्रीच्या शांततेवर शिक्कामोर्तब केलं. मुंबई उच्च न्यायालयानं ऑगस्ट २०१६ मध्ये हे नियम नीट पाळायला लावणारे सविस्तर आदेश दिले आणि जानेवारी २०२५ मध्ये पोलिसांना सांगितलं, तक्रारदाराची ओळख विचारत बसू नका, कारवाई करा.

हे शेवटचं फार मोलाचं आहे, विशेषतः खेड्यात. शहरात माणूस अनोळखी शेजाऱ्याविरुद्ध फोन करतो. इथं तक्रार करायची कुणाविरुद्ध? भावकीतल्या लग्नाविरुद्ध? राजगड पोलीस ठाण्यात फोन गेला की दुसऱ्या दिवशी पारावर नाव फुटणार, या भीतीनं हृदयविकाराचा माणूसही कूस बदलत रात्र काढतो. दहावी-बारावीच्या परीक्षा ऐन लग्नसराईत, फेब्रुवारी-मार्चमध्ये असतात. पोरगी उशीखाली डोकं घालून इतिहासाची उजळणी करते. तिच्या बापानं त्याच लग्नात आहेर केलेला असतो. तो कसा बोलणार? म्हणून ही जबाबदारी तक्रार करणाऱ्याची नाही. सुपारी देणाऱ्याची आहे.

आणि सगळा दोष डीजेच्या माथी मारून मोकळं होऊ नका. ही पोरं आपलीच आहेत. कुणी पिकअप हप्त्यावर घेतलीय, कुणी बेस सेकंडहँड आणलेत. एका तिथीला तीन ठिकाणी वाजवून रात्री दोनला घरी पोहोचतात. पाहुणे चार तासांनी निघून जातात, हे मात्र अख्खी लग्नसराई पेट्यांच्या मागे उभे. पस्तिशीत ज्याला बायकोचं बोलणं दोनदा विचारावं लागतं, त्यानं तो कान तुमच्या हळदीत घालवलेला असतो. कानात बोळे घालून काम करणारा डीजे दिसला तर त्याला आधी निवडा. स्वतःच्या कानाची किंमत ज्याला कळते, त्यालाच दुसऱ्याच्या कानाची कळते.

तो स्वतः येणार की गडी पाठवणार, हेही आधीच विचारून घ्या. मोठ्या तिथीला एकाच नावाचे दोन-दोन संच फिरतात. ज्याचं वाजवणं ऐकून तुम्ही भुललात तो भलत्याच गावी असतो आणि तुमच्याकडे आलेल्या पोराला आवाज वाढवायचं एक बटण तेवढं माहीत असतं. वीज कुठून घेणार, तेही विचारा. जनरेटर त्याचा का कार्यालयाचा, अर्थिंग कोण तपासणार? ओल्या लॉनवर पसरलेल्या वायरींवर पोरं अनवाणी नाचतात. खांबावर आकडा टाकून काम भागवणाऱ्याला दारात उभं करू नका. टेम्पोचा हौदा कापून, वाढवून त्यावर पेट्यांचा मनोरा रचला असेल, तर मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार तसा बदल परवानगीशिवाय करता येत नाही. शिवाय तो मनोरा गावातल्या तारांखालून जायचा असतो.

परण्या हमरस्त्यावर काढायचा हट्ट तर सोडाच. मारुतीला जाऊन येणं हा विधी आहे. पुणे-सातारा महामार्गाच्या सेवारस्त्यावर दीड तास गाडी अडवून नाचणं हा विधी नाही. मागे रुग्णवाहिका अडकते, एसटी अडकते, दुसऱ्या लग्नाची नवरी अडकते. पत्रिकेत मुहूर्त पाच पस्तीसचा छापलेला असतो आणि लग्न लागतं सातला. नवरदेवाचे मित्र खाली उतरत नाहीत, डीजेला कुणी थांबवत नाही, मांडवात म्हातारी माणसं उन्हाची ताटकळत बसतात. मुहूर्त काढायला पंचांग उघडलंत, तर तो पाळायलाही घड्याळ बघा.

याच रस्त्यानं पुढे साताऱ्यात २०१४ च्या विसर्जन मिरवणुकीत राजपथावर भिंत कोसळली आणि तीन माणसं गेली. डॉल्बीच्या हादऱ्यांनी ती पडली, असं तेव्हा सगळ्या शहरानं म्हटलं आणि डॉल्बीविरुद्ध लोक उभे राहिले. २०१८ साली गणेशोत्सवात डीजे वाजवू द्या म्हणून ध्वनियंत्रणा व्यावसायिकांची संघटना उच्च न्यायालयात गेली. तेव्हाही बंदी उठली नाही. तरी पुढच्या लग्नसराईत पेट्या वाढल्याच. लेझरचंही तसंच. २०२३ च्या गणेशोत्सवानंतर डोळ्याचा पडदा दुखावलेल्या तरुणांची उदाहरणं पुण्यातल्या नेत्रतज्ज्ञांनी समोर आणली, पुढच्या वर्षी पोलिसांनी मिरवणुकीत लेझरवर बंदी घातली. लग्नात मात्र तोच झोत नवरीच्या तोंडावर मारून फोटो काढतात. डीजेला स्पष्ट सांगा, लेझर नको. शार्पी पुरे, तीही वर, आभाळाकडे.

२०२५ च्या उन्हाळ्यात मराठा समाजाच्या बैठकांमधून लग्नाची आचारसंहिता पुढे आली. मोजकी माणसं, हुंडा नाही, प्री-वेडिंग नाही, डीजेऐवजी पारंपरिक वाद्यं. त्यामागचा हेतू मला मान्य आहे. कर्ज काढून हौस करणाऱ्या बापांना त्यानं आधार मिळाला. पण पारंपरिक म्हटलं की आवाज कमी झाला, असं समजू नका. पन्नास ढोल आणि वीस ताशे बंद आवारात वाजले की तेही शंभरी ओलांडतात. सनई-चौघडा मंगल वाटतो तो त्याच्या मापामुळे. हलगीचा एक चांगला वादक पेट्यांच्या अख्ख्या गाडीपेक्षा जास्त नाचवतो, हे या भागातल्या कुठल्याही यात्रेत दिसतं. संबळावर गोंधळ घालणारा माणूस रात्रभर घर जागं ठेवतो, पण शेजारच्या वाड्यातलं बाळ उठवत नाही. मला डीजे नको, असं मुळीच नाही. पोरांना नाचू द्या, पोरींनाही नाचू द्या. त्यांच्यासाठी वाजवणाऱ्यानं त्यांच्याकडे बघून वाजवावं.

डीजेची कला मुळात बघण्याचीच आहे. ११ ऑगस्ट १९७३ ला न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये, सेजविक अव्हेन्यूवरच्या एका इमारतीच्या सामाईक खोलीत, एका मुलीनं शाळा सुरू होण्याआधी कपड्यांसाठी पैसे जमवायला पार्टी भरवली. वाजवायला तिचा भाऊ होता, क्लाइव्ह कॅम्पबेल, लोक त्याला डीजे कूल हर्क म्हणत. गाण्याच्या एका ठरावीक तुकड्यावर पोरं जास्त उसळतात हे त्याच्या लक्षात आलं होतं. त्यानं दोन टर्नटेबलवर त्याच तबकडीच्या दोन प्रती ठेवून तो तुकडा लांबवत नेला. हिप-हॉपचा जन्म तिथला मानतात. खोली लहान, घरगुती कार्यक्रम, आणि समोरच्या माणसांकडे लक्ष असलेला एक पोरगा. एवढ्यावर जगाचं संगीत बदललं.

म्हणून डीजे निवडायचा तर त्याच्या दुकानात जाऊ नका, त्याच्या मोबाइलवरचे रील्स बघू नका. दुसऱ्याच्या लग्नात तो वाजवत असेल तिथं जा. पंगत बसल्यावर काय करतो ते बघा. माणसं जेवायला बसली, जुनी नाती वर्षानं भेटली, मामा आणि मावसा एकमेकांच्या कानाला लागून ओरडतायत आणि हा मात्र त्याच पट्टीत वाजवतोय, तर तो तुमचा नव्हे. पंगतीला आवाज खाली घेतो, सत्तरीतल्या काकूंसाठी न सांगता एखादं जुनं गाणं लावतो, नाचणाऱ्यांचा दम गेलाय हे ओळखून लय उतरवतो, तो दुप्पट पैसे मागत असेल तरी त्यालाच सुपारी द्या.

गाण्यांची यादी आधी बसून करा, आणि न वाजवायच्या गाण्यांची यादी त्याहून आधी. अर्वाच्य गाणी घरातल्या लेकीबाळींसमोर वाजतात आणि सगळे दुसरीकडे बघतात, हे बंद व्हायला हवं. जातीची, नेत्याची, भाई-दादाची गाणी तर यादीत येऊच देऊ नका. ‘आमचं गाणं लाव’ म्हणत दोन गट भिडतात, मध्ये सापडतो तो विशी-बाविशीचा डीजे, आणि लग्नाचं घर रात्री पोलीस ठाण्यात बसतं. त्या पोराला ‘मालकांनी नको सांगितलंय’ म्हणायला आधार द्या. मालक म्हणजे तुम्ही. त्यासाठी तुम्ही शुद्धीत असलं पाहिजे.

गाण्यांच्या परवान्याचंही जाता जाता. लग्नाच्या नावावर कुणी परवाना फी मागितली तर आधी कॉपीराइट कायदा बघा. १९५७ च्या त्या कायद्याच्या ५२ व्या कलमात धार्मिक विधीला सूट आहे, आणि लग्नाची वरात व लग्नाशी निगडित समारंभ त्यात धरलेले आहेत. केंद्र सरकारनं जुलै २०२३ मध्ये तसा खुलासाही केला. गोवा सरकारनं याच आधारावर परिपत्रक काढलं, ते मात्र उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानं ऑगस्ट २०२४ मध्ये रद्द केलं. कायद्यात नसलेली भर परिपत्रकानं घालता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. कायद्यातली सूट कायम आहे. वाढदिवस, नोकरीची पार्टी, दुकानाचं उद्घाटन यांना ती मिळत नाही.

सुपारी देताना कागदावर चार ओळी लिहा. सुरू कधी, बंद कधी, कोण वाजवणार, पेट्या कुठे. हळद असो वा वरात, बंद करायची वेळ पावणेदहा लिहा, म्हणजे दहाला खरंच बंद होईल. त्याखाली घरातल्या एकाच माणसाचं नाव आणि फोन नंबर लिहा. आवाज वाढव असं पन्नास जण सांगतील, कमी कर किंवा थांब हे फक्त या माणसानं सांगायचं आणि डीजेनं ते तिथल्या तिथं ऐकायचं. नवरदेवाच्या मित्राचं नाव तिथं लिहू नका. जिला सगळं घर घाबरतं त्या आत्याबाईंचं लिहा. आणि पावणेदहाला त्यांनी हात वर केला की राहिलेले पैसे त्याच वेळी त्या पोराच्या हातात ठेवा, त्याला जेवायला वाढा, उद्या ये म्हणू नका.